पहिलं घर: सरकार आधी घेतं किती, नंतर देतं किती

मोशीत किंवा वाघोलीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ४८ लाखांचा टू बीएचके घ्यायचा आहे असं धरू. बँक ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ३८ लाख ४० हजार. उरले ९ लाख ६० हजार, ते आपले. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो. पीएफ, मुदत ठेव, सासऱ्यांकडून थोडे असं करून दहा लाख जमले की फ्लॅट बुक करायचा.

प्रत्यक्षात या व्यवहारात खिशातून साधारण १५ लाख ६६ हजार जातात. मधले सहा लाख कुठून उगवले? मुद्रांक शुल्क ३ लाख ३६ हजार, नोंदणी फी ३० हजार आणि जीएसटी २ लाख ४० हजार. सोसायटीची अनामत, वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी हे वेगळंच.

पहिलं घर घेणाऱ्याला सरकार मदत करतं हे खोटं नाही. व्याजात अनुदान आहे, म्हाडाची सोडत आहे, प्राप्तिकरात काही वजावटी आहेत. पण दोन्हींची वेळ जुळत नाही. कर आधी भरायचा, रोख आणि एकरकमी. मदत नंतर येते, तुकड्या-तुकड्याने, आणि अटी पूर्ण झाल्या तरच. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे: मदत शून्य धरून घराचं गणित बसत असेल तरच पुढे जावं. मिळालीच तर ती वरकड.

आधी भरायचं ते आधी पाहू.

मुद्रांक शुल्क: पहिलं असो की पाचवं

महाराष्ट्रात घराच्या करारावर लागणारं मुद्रांक शुल्क, म्हणजे आपली स्टॅम्प ड्यूटी, हे घर तुमचं पहिलं आहे का असं विचारतच नाही. पहिला फ्लॅट घेणारा कारकून आणि पाचवा घेणारा गुंतवणूकदार एकाच दराने भरतात. हे मला पटत नाही, पण नियम असा आहे.

मुंबईत हा दर ६ टक्के आहे: ५ टक्के मूळ शुल्क आणि १ टक्का मेट्रो अधिभार. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे इथे ७ टक्के, कारण त्यात एलबीटीच्या, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या, नावाने आणखी १ टक्का आहे. एलबीटी व्यापाऱ्यांसाठी केव्हाच संपला, स्टॅम्प ड्यूटीत मात्र त्याचा अधिभार राहिला. मेट्रो अधिभार १ एप्रिल २०२२ पासून लागला. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, सरकारने शुल्क ३ टक्क्यांनी उतरवलं होतं. पुढचे तीन महिने २ टक्क्यांची सूट होती. त्या सात महिन्यांत घर घेतलेला एखादा नातेवाईक तुम्हाला ‘मला तर फार कमी लागली’ असं सांगेल. त्याचं ऐकून बजेट ठरवू नका.

नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ३० लाखांच्या वरच्या कुठल्याही घराला ३० हजारच.

आता हे टक्के कशावर काढायचे? करारातली किंमत आणि सरकारी मूल्य या दोहोंत जे जास्त असेल त्यावर. सरकारी मूल्य म्हणजे रेडी रेकनर. दरवर्षी नोंदणी व मुद्रांक विभाग विभागवार दर ठरवतो आणि ते एरवी १ एप्रिलला लागू होतात. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून ते पाहता येतात. बुकिंगच्या आधी पाच मिनिटं काढून हे बघायलाच हवं, कारण रेडी रेकनरचं मूल्य करारापेक्षा जास्त निघालं तर दुहेरी फटका बसतो. शुल्क जास्तीच्या रकमेवर लागतंच. शिवाय दोन्हींतला फरक करारातल्या किमतीच्या १० टक्क्यांहून (आणि ५० हजारांहून) जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’ धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. रेडी रेकनर ५० लाख, करार ४२ लाखांचा, तर ८ लाख तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. तुम्हाला स्वस्त मिळालं याचा आनंद प्राप्तिकर खात्यालाही होतो.

‘थोडे कॅशमध्ये द्या, स्टॅम्प ड्यूटी वाचेल’ असं रीसेलवाले सर्रास सांगतात. ती वाचते ती अशी: करारात किंमत कमी दिसली की बँकेचं कर्जही त्याच कमी किमतीवर मंजूर होतं आणि तुम्हाला जास्त रोख उभी करावी लागते. पुढे घर विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी, म्हणून नफा जास्त, म्हणून भांडवली नफ्यावरचा करही जास्त. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्याने बंद आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पहिलं घर घेणाऱ्याने या वाटेला न गेलेलं बरं. यात फायदा जवळपास नेहमी विकणाऱ्याचा असतो.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर

राज्यात मुद्रांक शुल्कात एकच सवलत सर्रास उपयोगी पडते. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. १ एप्रिल २०२१ पासून ही सवलत आहे. सुरुवातीला अट होती की त्या स्त्रीने ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती काढून टाकली. वरच्या ४८ लाखांच्या फ्लॅटवर यात ४८ हजार वाचतात.

करारात नवऱ्याचंही नाव आलं की सवलत गेली. आई आणि मुलगी चालतात, नवरा-बायको चालत नाहीत. लोक इथे घुटमळतात, कारण वर्षानुवर्षं सीए सांगत आलेत की घर दोघांच्या नावावर घ्या, दोघांनाही प्राप्तिकरात वजावट मिळेल. तो सल्ला त्या काळासाठी बरोबर होता. आता बहुतेक पगारदारांना ती वजावट मिळतच नाही (का, ते पुढे येतं). त्यामुळे बायकोच्या एकटीच्या नावावर घर आणि नवरा कर्जात सहकर्जदार, असं केल्याने कराच्या बाजूने बऱ्याच जणांचं काहीच बिघडत नाही. बाकी कुटुंबात कोणाचं नाव लावायचं हा निव्वळ कराचा प्रश्न नसतो, आणि ४८ हजारांसाठी घरात वाद घालावा असंही मी म्हणणार नाही. पण बायको कमावती असेल, हप्त्यात तिचा वाटा असेल, तर नाव फक्त तिचं असायला हरकत कोणाची?

४५ लाखांची रेघ

जीएसटीचा नियम वाचायला सोपा आहे आणि त्यातच लोक फसतात. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घराला जीएसटी नाही. रीसेलला नाही. बांधकाम चालू असताना घेतलेल्या घराला आहे: परवडणारं घर असेल तर १ टक्का, नसेल तर ५ टक्के. हे दर १ एप्रिल २०१९ पासून आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, पण घरावरचे हे दर तसेच राहिले.

परवडणारं कशाला म्हणायचं? किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं) मर्यादेत, या दोन्ही अटी एकाच वेळी. मुंबई महानगर प्रदेशात ही मर्यादा ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. पुणे या नियमापुरतं महानगरांत मोडत नाही, त्यामुळे पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६८ फूट. पुण्यात म्हणून क्षेत्राची अट सहसा आड येत नाही, किंमतच आड येते.

किंमत म्हणजे काय, इथे खरी गोम आहे. पार्किंग, वरच्या मजल्याचे किंवा बागेसमोरच्या फ्लॅटचे जादा पैसे, डेव्हलपमेंट चार्जेस, सामायिक सुविधांचे पैसे हे सगळं मिळवून ४५ लाख. बिल्डरच्या जाहिरातीत फ्लॅट ४३ लाखांचा असतो, पार्किंगचे ३ लाख आले की झाले ४६. ४५ लाखांवर १ टक्क्याने ४५ हजार जीएसटी, ४६ लाखांवर ५ टक्क्यांनी २ लाख ३० हजार. किंमत एक लाखाने वाढली आणि कर पावणेदोन लाखांहून जास्त वाढला. ४५ लाखांच्या आसपासचं घर बघत असाल तर बिल्डरकडून सगळ्या रकमा मांडलेलं एकच पत्रक मागून घ्या आणि बेरीज स्वतः करा. भाव कमी करून घ्यायला यासारखी जागा नाही. एक लाख उतरवले की तुमचे जवळपास तीन लाख वाचतात, हे बिल्डरलाही समजतं.

याच कारणाने ओसी मिळालेलं घर आणि बांधकाम चालू असलेलं घर यांच्या भावाची तुलना नुसत्या चौरस फुटाच्या दराने करू नये. तयार घराचा दर चार-पाच टक्क्यांनी जास्त असेल तर खरं म्हणजे दोन्ही सारखेच पडतात. वर तयार घरात भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरावा लागत नाही. त्या दोन-तीन वर्षांत दोन्ही भरताना किती जणांची दमछाक होते ते बघितलेलं आहे.

पैसे कुठल्या क्रमाने जातात

करांचे आकडे समजले तरी ते कधी लागतात हे कळलं नाही तर ऐन वेळी धावपळ होते. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ही तुमच्या बाजूची तरतूद आहे, ती हातची सोडू नका. म्हणून आधी १० टक्क्यांपर्यंत बुकिंग, मग करार. कराराच्या वेळी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ऑनलाइन चलनाने भरायची, आणि मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. नोंदणीनंतर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, हातात येतो. बँक पैसे सोडते ते त्यानंतर, आणि तेही तुमचा वाटा भरून झाल्यावर.

म्हणजे कर्जाचा पहिला रुपया यायच्या आधी तुमच्या हिश्शाबरोबर पूर्ण स्टॅम्प ड्यूटी खिशातून गेलेली असते. ती कर्जात बसत नाही, कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय की कर्ज ठरवताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरायचा नाही. अगदी स्वस्त, १० लाखांपर्यंतच्या घरांचा तेवढा अपवाद. जीएसटी काही बँका किमतीत धरतात, काही नाही. कर्ज मंजूर करून घेतानाच हे विचारा. कर्जाची कमाल मर्यादाही रिझर्व्ह बँकेनेच ठरवलेली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. ‘शंभर टक्के लोन करून देतो’ म्हणणारा एजंट बहुधा तुमच्या गळ्यात जास्त व्याजाचं वैयक्तिक कर्ज मारणार असतो.

काही कारणाने व्यवहार मोडला तर? नोंदवलेला करार पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेखाने रद्द केला, आणि त्या रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज केला, तर मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो. सहा महिने उलटले की मागता येत नाही. बिल्डरशी भांडण्यात ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

टीडीएस: कर विकणाऱ्याचा, जबाबदारी तुमची

घराची किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का कापून सरकारकडे भरायचा. हाच टीडीएस. तो तुमच्यावरचा कर नाही, विकणाऱ्याचा आगाऊ कर आहे, पण कापायचा विसरलात तर व्याज आणि दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क तुमच्या माथी. ५० लाखांच्या वरच्या भागावर नाही, पूर्ण रकमेवर १ टक्का. पार्किंग, क्लब, देखभाल यांचे पैसेही किमतीत मोजायचे. दोघं मिळून घेत असाल आणि प्रत्येकाचा वाटा ३० लाखांचा असेल, तरी घर ६० लाखांचंच धरतात. प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत दाखवून टीडीएस टाळायची पळवाट ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली. ज्या महिन्यात कापलं तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचं. सगळं ऑनलाइन होतं, पॅन पुरतो.

विकणारा परदेशात राहणारा असेल तर मात्र हे १ टक्क्याचं प्रकरण नाही. पुण्यात-मुंबईत हे वरचेवर होतं: मुलगा न्यू जर्सीला किंवा दुबईला स्थायिक झालाय, इथला फ्लॅट काढायचाय. अशा व्यवहारात ५० लाखांची मर्यादाही नाही आणि कापायचा दरही बराच जास्त. कर नेमका किती कापायचा याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याने प्राप्तिकर खात्याकडून आणलं तर रक्कम कमी होते, नाहीतर पूर्ण किमतीवर कापावं लागू शकतं. विकणारा निवासी की अनिवासी हे पहिल्या भेटीतच विचारा. आणि तसं असेल तर इथे मात्र सीएची फी वाचवू नका.

‘लोन घे, टॅक्स वाचेल’ हे आता कितपत खरं?

घराघरांत, ऑफिसात हे वाक्य अजून ऐकू येतं. एकेकाळी ते खरं होतं. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, ‘२४ बी’ म्हणतात ती. मुद्दलाची परतफेड आणि त्या वर्षी भरलेली स्टॅम्प ड्यूटी व नोंदणी फी ‘८० सी’च्या दीड लाखांत बसते. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी खास जादा वजावटीही होत्या: २०१६-१७ मध्ये मंजूर झालेल्या कर्जांना ५० हजारांची, आणि एप्रिल २०१९ ते मार्च २०२२ या काळातल्या कर्जांना दीड लाखांची. दोन्ही नव्या कर्जांना बंद झाल्या. इंटरनेटवरच्या कितीतरी लेखांत त्या अजून चालू असल्यासारख्या मांडलेल्या दिसतात.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा २०२५ ने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक आहेत म्हणून इथेही तेच ठेवलेत.)

नव्या करपद्धतीत, जी आता आपोआप लागू असते, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला वजावट नाही. मुद्दलालाही नाही. मग जुनी पद्धत निवडावी का? आकडे बघू.

पगार वर्षाला १२ लाख. नव्या पद्धतीत कर शून्य. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाख ८० सी आणि २ लाख व्याज वजा केलं तरी ८ लाखांवर कर लागतो, उपकरासह ७५ हजार ४०० रुपये. म्हणजे घरकर्जाची ‘करबचत’ मिळवायला गेलं तर ७५ हजार जास्त भरावे लागतील.

पगार २० लाख असेल तर? नव्या पद्धतीत साधारण १ लाख ९२ हजार. जुन्यात त्याच वजावटी घेऊन ३ लाख ४ हजार. जुनी पद्धत या पगाराला परवडायला एकूण साडेसात लाखांहून जास्त वजावटी लागतात. स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर घरभाडे भत्त्याची वजावटही जाते, मग एवढ्या आणणार कुठून? ज्यांचं घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात भाड्याच्या घरात, अशा थोड्यांचं गणित कधी जुन्या पद्धतीकडे झुकतं. बाकीच्यांनी घरकर्ज घ्यावं ते घरासाठी, कर वाचवण्यासाठी नाही.

घर भाड्याने दिलं असेल तर नव्या पद्धतीतही भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होतं, पण भाड्यापेक्षा व्याज जास्त असेल तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही.

एक सवलत नव्या पद्धतीतही टिकून आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहिल्या घराचं डाउन पेमेंट कुठून येतं? म्युच्युअल फंड मोडतात, आईचं सोनं विकतात, गावाकडचा एखादा प्लॉट काढतात. या विक्रीतून दीर्घ मुदतीचा भांडवली नफा झाला आणि मिळालेली पूर्ण रक्कम घरात घातली तर त्या नफ्यावरचा कर माफ होतो. रकमेचा काही भाग घातला तर त्या प्रमाणात माफी. याला ‘५४ एफ’ म्हणतात. घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं हवं. बांधायचं असेल तर तीन वर्षं. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकाहून जास्त घरं नसावीत, आणि पहिलं घर घेणाऱ्याला ही अट आपोआपच पूर्ण होते. सोनं आईच्या नावचं आणि घर मुलाच्या नावचं असेल तर मात्र माफी मिळणं अवघड. नफा ज्याचा, त्याचंच घर लागतं. सोनं, फंड, प्लॉट काढण्याआधी आणि करारात नावं घालण्याआधी हे एकदा जुळवून घ्या. आयत्या वेळी नावं बदलता येत नाहीत.

पीएफमधूनही घरासाठी उचल मिळते आणि ती परत करावी लागत नाही. पूर्वी सहसा पाच वर्षांच्या सदस्यत्वाची अट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ती १२ महिन्यांवर आणायचं ठरवलं. मात्र पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालेलं आहे, तेही बहुतेकांना करमुक्त. घरकर्जाचा दर त्याच्या जवळपास किंवा कमी असताना पीएफ रिकामा करून कर्ज कमी घेण्यात शहाणपण नाही. स्टॅम्प ड्यूटीला पैसे कमी पडत असतील तर ती वेगळी गोष्ट.

मदत कोणाला आणि किती

केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी पहिल्यांदा जून २०१५ मध्ये आली. तिच्यातलं २ लाख ६७ हजारांचं अनुदान लोकांना अजून आठवतं. तो भाग मार्च २०२२ मध्ये बंद झाला. सध्या चालू आहे ती दुसरी आवृत्ती, १ सप्टेंबर २०२४ पासून, पाच वर्षांसाठी, देशभरातल्या १ कोटी शहरी कुटुंबांसाठी.

कर्ज काढून घर घेणाऱ्याला यात व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत. अनुदान कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंत, ४ टक्के; आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तेही एकदम नाही, पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजार, थेट कर्ज खात्यात. कर्ज चालू असेल आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच पुढचा हप्ता. हाती पैसे आले म्हणून कर्ज भराभर फेडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मुख्य अट ही की कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. नवरा, बायको, अविवाहित मुलं मिळून कुटुंब. गावाकडच्या वाड्यात सातबाऱ्यावर किंवा आठ-अ वर तुमचं नाव लागलेलं असेल आणि तिथे पक्कं घर असेल, तर शहरातला तुमचा पहिला फ्लॅट या योजनेच्या लेखी पहिला ठरत नाही. वडिलांच्या पश्चात भावा-बहिणींची नावं लागून राहिलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. अर्जात आधार क्रमांक आणि हमीपत्र द्यायचं असतं, तेव्हा हे आधी तपासा.

आणि ३५ लाखांत घर मिळतं कुठे? मुंबईत नाही. बदलापूर, विरार, कर्जत, पुण्याच्या बाहेरच्या कडा, नाशिक, सोलापूर, लातूर अशा ठिकाणी मिळतं. छोट्या शहरातल्या सात-आठ लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला ही योजना खरोखर उपयोगाची आहे. महानगरातल्या त्याच उत्पन्नाच्या माणसाला ती फक्त वाचायला मिळते.

स्वतःची जागा आहे, बांधकामाला पैसे हवेत, आणि उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल, तर याच योजनेच्या दुसऱ्या घटकातून केंद्र-राज्य मिळून अडीच लाखांची मदत आहे. त्याचा अर्ज नगरपालिकेमार्फत. खेड्यांसाठी ग्रामीण आवास योजना वेगळी, तिचं काम ग्रामपंचायतीच्या याद्यांवर चालतं.

मोठ्या शहरातल्या सामान्य माणसाला खरा हात देणारी गोष्ट म्हणजे म्हाडा. इथे अनुदान वगैरे नाही, घरच बाजारभावापेक्षा कमी किमतीत. नशिबाचा भाग मोठा आहे, तरी अर्ज न करणाऱ्याचं नशीब शून्य. मुंबई महानगर, पुणे, नागपूर अशा भागांत अत्यल्प गटाला वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, अल्प गटाला ९ लाखांपर्यंत, मध्यम गटाला १२ लाखांपर्यंत. त्यापुढे उच्च गट. उत्पन्न नवरा-बायकोचं मिळून धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत अत्यल्प गट ३ लाखांवर संपतो. नाव एकच, मोजमाप वेगळं, त्यामुळे ‘आम्ही त्या गटात बसत नाही’ असं एका योजनेवरून दुसरीबद्दल ठरवू नका.

‘पहिलं घर’ याचा अर्थही म्हाडात वेगळा आहे. अर्जदार, त्याचा जोडीदार किंवा अल्पवयीन मुलं यांच्या नावावर ज्या शहरात घर हवंय त्या पालिका हद्दीत घर नसावं, एवढंच. साताऱ्याला घर असलेला माणूस मुंबईच्या सोडतीत अर्ज करू शकतो. राज्याचं अधिवास प्रमाणपत्र मात्र लागतं, आणि ते सोडत जाहीर झाल्यावर काढायला धावू नये. डोमिसाइल, दोघांची पॅन-आधार कार्डं, मागच्या आर्थिक वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, हे आधीच अपलोड करून ठेवता येतं.

म्हाडाच्या जाहिरातीत ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’ असा एक भाग असतो. तो नीट वाचा. ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या खासगी बिल्डरला २० टक्के घरं अत्यल्प-अल्प गटासाठी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. पुणे, ठाणे, नाशिक भागांत अशी घरं निघतात. शेजारच्या इमारतीत जे घर ६०-७० लाखांना विकलं जातंय त्याच आवारात, लहान पण बरंच स्वस्त. करार बिल्डरशीच होतो, त्यामुळे बांधकाम चालू असेल तर जीएसटी, शिवाय स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी हे आहेच. बिल्डर वर आणखी कशाकशाचे पैसे मागतोय ते जाहिरातीतल्या किमतीशी ताडून बघा. सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही.

सोडतीत न गेलेली घरं म्हाडा आणि सिडको अधूनमधून प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या तत्त्वावर काढतात. तिथे नशिबाचा भाग नसतो, पण ती घरं का उरली याचं उत्तर जागेवर जाऊन शोधावं लागतं: पाणी, रस्ता, स्टेशनचं अंतर. कधी उत्तर वाईट निघतं, कधी नुसतंच लोकांना माहीत नव्हतं असंही निघतं.

ताबा मिळाल्यावर मालमत्ता कर सुरू होतो. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना जानेवारी २०२२ पासून तो माफ आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे, पण ती आपोआप लागत नाही. पीटी-३ अर्ज भरून, घरात आपणच राहतो याचा पुरावा जोडून क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो. पहिलं बिल आलं की त्यात ही सवलत धरली आहे का ते पाहा, आणि नसेल तर बिल भरायच्या आधीच अर्ज द्या.